इंग्रजी व्याकरण : आपली मुलं नेमकी कुठे अडखळतात?

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात अर्ज तपासून घ्यायला मुलं येऊ लागतात. कुणाला अकरावी सायन्सला जायचंय, कुणाला आयटीआयला, कुणाला शिष्यवृत्ती हवी असते. मागे एकदा उर्दू माध्यमातून चांगल्या गुणांनी पास झालेली एक मुलगी आली. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने कुणाचीही मदत न घेता इंग्रजीत लिहिला होता आणि ट्रस्टच्या ऑफिसातून तो परत आला होता. 'इंग्रजी नीट करून आण,' एवढंच तिला सांगितलं गेलं. नीट म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. फी भरायची तारीख जवळ येत होती.

अर्ज असा होता : 'आय ॲम बिलाँग्स टू पुअर फॅमिली. माय फादर आर रिक्षा ड्रायव्हर. ही ड्राइव्ह रिक्षा ऑफ अदर मॅन. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. आय हॅव पास्ड एसएससी इन लास्ट मार्च. आय वॉन्ट टू डिस्कस अबाउट माय फीज. व्हेन आय कॅन मीट टू यू?'

मुलगी म्हणाली, "सर, मुझे ग्रामर आता ही नहीं."

मी तो अर्ज दोनदा वाचला. माझं मत उलट झालं. या पोरीला व्याकरण येत होतं, फक्त ते उर्दूचं होतं. तिच्या जवळजवळ प्रत्येक चुकीमागे एक नियम आहे, आणि तो नियम घरातल्या भाषेत अगदी बरोबर आहे. आपल्या मुलांच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका अशाच असतात. त्यांची यादी फार मोठी नाही. चूक कुठून येते ते एकदा दिसलं की ती सुधारायला वेळ लागत नाही. महागड्या क्लासमध्ये हेच सोडून बाकी सगळं शिकवतात, अशी माझी तक्रार आहे.

चुकीची लाज वाटते, हे खरं आहे. पण इथे एक जुनी गोष्ट सांगतो. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा ग्रंथ आठव्या शतकात सीबवैह यांनी लिहिला. तो 'अल-किताब' याच नावाने ओळखला जातो. सीबवैह अरब नव्हते, इराणी होते; अरबी त्यांची मादरी जबान नव्हती. बसऱ्यात हदीस शिकताना त्यांनी एका शब्दाची विभक्ती चुकवली, उस्तादांनी सगळ्यांसमोर टोकलं, आणि तेव्हाच त्यांनी व्याकरण शिकायचं मनावर घेतलं, असा किस्सा सांगतात. चूक होती जबर आणि पेशची. म्हणजे वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण, हे दाखवणाऱ्या खुणेची. इंग्रजीचीही सुरुवात तिथूनच करू.

शब्दाची जागा हीच विभक्ती

मराठीत 'कुत्र्याने मुलाला चावलं' म्हणा किंवा 'मुलाला कुत्र्याने चावलं' म्हणा, अर्थ तोच. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाला चिकटून बसलेले आहेत. उर्दूत हेच काम 'ने' आणि 'को' करतात. अरबीत शेवटचा पेश कर्ता दाखवतो आणि जबर कर्म. इंग्रजीत यातलं काहीच उरलेलं नाही. 'द डॉग बिट द बॉय' आणि 'द बॉय बिट द डॉग' यात शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलल्या, आणि दुसऱ्या वाक्यात मुलगाच कुत्र्याला चावला.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विभक्ती होत्या. पुढच्या काही शतकांत त्या झिजत गेल्या. आज 'ही-हिम', 'शी-हर', 'हू-हूम' अशा मोजक्या जोड्यांत त्यांची खूण राहिली आहे. प्रत्यय गेले आणि त्यांचं काम जागेवर आलं. म्हणून इंग्रजीत आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी : आधी फाइल, मग फेल, मग मफऊल. आपल्या मराठी-उर्दूत क्रियापद शेवटी येतं, अरबीत ते बऱ्याचदा पहिलं येतं, इंग्रजीत मधे. वाक्य लिहिताना आधी 'कोण?' आणि लगेच 'काय करतो?' एवढं विचारलं की अर्धी गाडी रुळावर येते. बाकीचं सगळं, म्हणजे कुठे, कधी, कशासाठी, नंतर.

बिस्मिल्लाहचा क्रम

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली. आपली मुलं मकतबमध्ये लहानपणापासून जी अरबी ऐकतात, तिच्यात इंग्रजीच्या दोन अवघड नियमांची चावी आहे.

'बिस्मिल्लाह' घ्या. तीन तुकडे आहेत : 'बि', 'इस्म', 'अल्लाह'. 'बि' म्हणजे 'ने' किंवा 'से', 'इस्म' म्हणजे नाव. मराठीत आपण म्हणतो 'अल्लाहच्या नावाने', उर्दूत 'अल्लाह के नाम से'. दोन्हीकडे क्रम उलटा झाला : अल्लाह आधी, नाव मग, आणि 'ने' किंवा 'से' सर्वांत शेवटी. इंग्रजीत मात्र 'इन द नेम ऑफ अल्लाह'. 'इन' पहिला, 'नेम' मग, 'अल्लाह' शेवटी. हुबेहूब अरबीचा क्रम.

'घरात', 'टेबलावर', 'मुंबईहून' यात आपण खूण मागे लावतो. अरबी आणि इंग्रजी ती पुढे लावतात. 'फी' म्हणजे 'इन', 'अला' म्हणजे 'ऑन', 'मिन' म्हणजे 'फ्रॉम', 'इला' म्हणजे 'टू'. इंग्रजीत या शब्दांना प्रीपोझिशन म्हणतात आणि त्या नावातल्या 'प्री'चा अर्थच 'आधी'. मुलांना एवढं दाखवलं की 'टेबल ऑन' असं लिहिण्याची खोड जाते.

पण कोणती प्रीपोझिशन कुठे, हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे शॉर्टकट नाही. वेळेपुरता एक ढोबळ नियम कामाला येतो : घड्याळाला 'ॲट', दिवसाला आणि तारखेला 'ऑन', महिन्याला आणि वर्षाला 'इन'. 'ॲट सेव्हन ओ'क्लॉक', 'ऑन फ्रायडे', 'इन रमजान', 'इन 2024'. म्हणजे काळ जितका मोठा तितका तो 'इन'कडे सरकतो. 'इन द मॉर्निंग' पण 'ॲट नाइट', हे असंच आहे, पाठ करा. आणि 'लास्ट', 'नेक्स्ट', 'धिस', 'एव्हरी' हे शब्द आले की प्रीपोझिशन लागत नाही. आपल्या मुलीचं 'इन लास्ट मार्च' तिथे चुकलं. नुसतं 'लास्ट मार्च' पुरे.

तिच्या शेवटच्या दोन चुका बघा. 'फीस के बारे में बात करना' हे डोक्यात होतं, म्हणून 'डिस्कस अबाउट'. 'आप से मिलना' होतं, म्हणून 'मीट टू'. इंग्रजीत 'डिस्कस', 'मीट', 'रीच', 'एन्टर', 'आन्सर' ही क्रियापदं कर्म थेट घेतात, मधे दलाल लागत नाही. 'आय मेट हिम', 'वी रीच्ड पुणे'. याउलट 'लिसन टू', 'वेट फॉर' यांना दलाल लागतोच. आणि लग्नाचं सांगताना आपण 'मॅरीड विथ' म्हणतो, कारण उर्दूत 'के साथ शादी' होते. इंग्रजीत 'मॅरीड टू'.

'अल' आणि 'द'

आर्टिकल म्हणजे 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत नाहीत, उर्दूत नाहीत. म्हणून मुलं एकतर ते गाळतात किंवा मीठ पेरल्यासारखे कुठेही टाकतात. 'पुअर फॅमिली' आणि 'रिक्षा ड्रायव्हर' या दोन्हींच्या आधी 'अ' हवा होता.

अरबीत मात्र हा प्रकार आहे. 'किताबुन' म्हणजे कुठलंतरी एक पुस्तक. 'अल-किताब' म्हणजे ते ठरावीक पुस्तक, ज्याबद्दल आपण बोलतोय. मदरशात पहिल्याला नकिरा आणि दुसऱ्याला मारिफा म्हणतात. साधारणपणे नकिऱ्याच्या शेवटी तनवीन येते आणि मारिफ्याच्या आधी 'अल'. इंग्रजीत 'अ बुक' हा नकिरा, 'द बुक' हा मारिफा. 'आय बॉट अ बुक. द बुक इज टॉर्न.' पहिल्यांदा पुस्तकाची ओळख नाही, म्हणून 'अ'. दुसऱ्या वाक्यात ऐकणाऱ्याला कळलंय कोणतं, म्हणून 'द'. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांच्या डोळ्यांसमोर तीच वस्तू आहे का? असेल तर 'द'. ही एक कसोटी बहुतेक ठिकाणी पुरते.

तुलना इथे थोडी सैल होते, तेही सांगायला हवं. अरबी 'अल' जास्त मोकळ्या हाताने वापरते. आयुष्य, इल्म, सब्र असं सर्वसाधारण बोलायचं असेल तरी अरबीत 'अल' लागतो. इंग्रजीत लागत नाही. 'लाइफ इज शॉर्ट', 'नॉलेज इज पॉवर'. 'द लाइफ इज शॉर्ट' असं लिहिलेलं मी आलिम कोर्स केलेल्या हुशार मुलांच्या वहीत पाहिलंय. एरवी त्यांचं इंग्रजी मुद्देसूद असतं.

'अ' की 'ॲन' याचा नियम शाळेत चुकीचा पाठ होतो. 'ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी ॲन' असं मुलं घोकतात आणि 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहून मोकळी होतात. अक्षर बघायचंच नाही, आवाज ऐकायचा. हेही मकतबमध्ये शिकलेलं आहे. लिहिताना 'अल' लिहितो, पण 'शम्स'च्या आधी तो 'अश्-शम्स' होतो आणि 'कमर'च्या आधी 'अल-कमर'च राहतो. अरबीच्या अठ्ठावीस हरफांपैकी 14 शम्सी, 14 कमरी. पुढचा आवाज काय आहे त्यावर आधीचा शब्द बदलतो. इंग्रजीत तेच.

इथे देवनागरीचा मोठा फायदा आहे. शब्द मराठीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी'ची सुरुवात 'यु'ने, म्हणजे य, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर' म्हणजे तास, इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर एच असलं तरी मराठीत 'अ'ने सुरू, म्हणून 'ॲन अवर'. 'ऑनेस्ट मॅन'ला 'ॲन'. 'एमएलए'ला 'ॲन', कारण 'ए'. 'वन-रुपी कॉइन'ला 'अ', कारण 'व'. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे स्पेलिंगकडे बघून फसतात, आपली फसायची गरज नाही.

'हूँ' आला की 'ॲम' आलाच, असं नाही

'आय ॲम बिलाँग्स टू' हे वाक्य उर्दू माध्यमाच्या शंभर अर्जांत सापडेल. उर्दूत म्हणून बघा : 'मैं गरीब घराने से ताल्लुक रखती हूँ'. शेवटी 'हूँ' आहे. 'हूँ'चं इंग्रजी 'ॲम', असं पहिलीपासून पाठ. म्हणून 'ॲम' बसलं. 'मैं जाता हूँ'चं 'आय ॲम गो' त्याच रस्त्याने येतं. मराठी माध्यमाची मुलं इथे कमी चुकतात, कारण 'मी जातो' यात 'आहे' नाहीच. भूतकाळात मात्र दोघंही सापडतात. 'मैं गया था', 'मी गेलो होतो', यातल्या 'था'ने आणि 'होतो'ने 'आय वॉज वेन्ट' जन्माला येतं.

इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात आणि साध्या भूतकाळात क्रियापद एकटंच उभं राहतं. 'आय गो', 'आय वेन्ट', 'आय बिलाँग'. 'ॲम-इज-आर' फक्त दोन ठिकाणी महत्त्वाचे : कुणीतरी काहीतरी *आहे* असं सांगताना ('ही इज अ ड्रायव्हर') आणि काम चालू असताना आयएनजीसोबत ('ही इज ड्रायव्हिंग'). 'इज सिलेक्टेड' असा कर्मणी प्रयोग पुढे येईलच, सुरुवातीला हे दोन पक्के करा.

गल्फमध्ये नेमकी उलटी चूक होते. अरबीत वर्तमानकाळात 'आहे' लागत नाही; 'हाजा किताबुन' म्हणजे शब्दशः 'हे पुस्तक'. साइटवर अरब मुदीर 'ही गुड मॅन' म्हणतो, आपला रत्नागिरीचा किंवा रायगडचा भाऊ तेच उचलतो, आणि काम चालतंही. कामावर चालतं ते चालू द्या. पण कंपनी बदलायला ईमेल लिहायचा असेल तर 'इज' लागतो.

आता 'एस'. 'ही ड्राइव्ह रिक्षा' इथे 'ड्राइव्ह्स' हवं होतं, आणि 'आय ॲम बिलाँग्स' इथे तोच 'एस' नको होता. गंमत अशी की जिथे नको तिथे लावला आणि जिथे हवा तिथे सोडला. नियम छोटा आहे : साध्या वर्तमानकाळात 'ही', 'शी', 'इट' किंवा कुणाही एकाचं नाव असेल तर क्रियापदाला 'एस'. 'आय', 'यू', 'वी', 'दे' असेल तर नाही. 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. एकच 'एस' आहे असं समजा. नामाने घेतला की क्रियापदाला उरत नाही.

हीच कंजुषी प्रश्नातही आहे. उर्दूत वाक्याच्या आधी 'क्या' लावा, मराठीत शेवटी 'का' लावा, अरबीत आधी 'हल' लावा, प्रश्न तयार. बाकी वाक्याला हात लावावा लागत नाही. इंग्रजीचं 'डू' 'क्या'सारखं पुढे येतं खरं, पण ते येताना क्रियापदाच्या खिशातला 'एस' किंवा भूतकाळ काढून घेतं. 'ही गोज'चा प्रश्न 'डझ ही गो?' 'एस' डझकडे गेला, 'गो' रिकामा राहिला. 'यू वेन्ट'चा प्रश्न 'डिड यू गो?' भूतकाळ 'डिड'ने उचलला. म्हणून 'डिड यू वेन्ट' चूक. एका ओझ्याला दोन हमाल लागत नाहीत. नकारातही तसंच : 'ही डझ नॉट गो', 'आय डिड नॉट गो'. 'कॅन', 'विल', 'इज' असे मदतनीस आधीच वाक्यात असतील तर 'डू' लागत नाही, तेच कर्त्याच्या पुढे सरकतात. 'व्हेन आय कॅन मीट' हे म्हणून 'व्हेन कॅन आय मीट' व्हायला हवं.

'मला' हा इंग्रजीत बहुधा 'आय'

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' यामागे फार मजेदार गोष्ट आहे. मराठीत 'मला दोन भाऊ आहेत', उर्दूत 'मेरे दो भाई हैं', अरबीत पुस्तक जवळ असेल तर 'इंदी किताबुन', म्हणजे 'माझ्याकडे पुस्तक'. तिन्ही भाषांत 'बाळगणे' अशा अर्थाचं रोजचं क्रियापदच नाही! वस्तू आहे, आणि ती माझ्यापाशी आहे, एवढंच आपण म्हणतो. इंग्रजीत मालक कर्ता होतो आणि 'हॅव' नावाचं क्रियापद लागतं : 'आय हॅव टू ब्रदर्स'. भाऊ असणं हे चालू काम नाही, स्थिती आहे. म्हणून आयएनजी नाही. 'नो', 'अंडरस्टँड', 'लाइक', 'वॉन्ट', 'बिलाँग' यांनाही सहसा नाही. 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' हे 'मला समजत नाहीये'चं शब्दशः भाषांतर आहे. 'आय डोन्ट अंडरस्टँड' म्हणा.

मला भूक लागली, मला आवडतं, मला ताप आहे, मला वाटतं, मला माहीत आहे. मुझे भूक लगी, मुझे पसंद है, मुझे मालूम है. आपल्या भाषांत भूक, ताप, पसंती आपल्याकडे चालत येतात. इंग्रजीत माणूसच पुढे होतो : 'आय ॲम हंग्री', 'आय लाइक इट', 'आय हॅव फीव्हर', 'आय थिंक', 'आय नो'. 'मला'ने किंवा 'मुझे'ने सुरू होणारी दहा वाक्यं काढायची आणि प्रत्येकाची सुरुवात 'आय'ने करायची, हा सराव मी मुलांकडून एका रविवारी करून घेतो. घरी 'मेरेको' म्हणत असाल तरी चालेल, इंग्रजीत 'आय'च.

अब्बांना 'इज' कसं म्हणायचं?

'माय फादर आर.' ही चूक मला चूक म्हणवत नाही. 'अब्बा आ रहे हैं', 'वडील येत आहेत'. एका माणसाला आदराने अनेकवचन लावतो आपण. 'अब्बा आ रहा है' म्हणणाऱ्या मुलाला घरात काय ऐकावं लागतं, ते सांगायला नको. मुलीला मी 'फादर इज' लिहायला सांगितलं तर ती थबकली. "बे-अदबी नहीं होगी?"

नाही होत. इंग्रजी क्रियापदात अदब ठेवत नाही. एक माणूस, मग 'इज'. राजा असो, शिपाई असो. 'तू', 'तुम्ही', 'आप' या तिन्हींना 'यू'. गंमत म्हणजे इंग्रजीत पूर्वी 'तू' होता, 'दाऊ' नावाचा. नंतर लोक सगळ्यांनाच आदराने 'यू' म्हणू लागले आणि 'तू' वापरातून गेला. म्हणजे आज इंग्रजीत प्रत्येकजण 'तुम्ही' आहे. मशिदीच्या कपाटात पिकथॉल यांचा 1930 चा किंवा अब्दुल्लाह यूसुफ अली यांचा कुरआनचा इंग्रजी तर्जुमा असेल तर त्यात हा जुना 'दाऊ' भेटेल. यूसुफ अली 1872 मध्ये मुंबईतच जन्मले, पिकथॉल काही वर्षं मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. दोघांनीही जाणूनबुजून जुन्या थाटाची इंग्रजी वापरली. मुलं ती वाचतात आणि निबंधात 'दाऊ' लिहितात. वाचा जरूर, पण अर्जात आणू नका. इंग्रजीत अदब दाखवायला 'प्लीज', 'कुड यू', 'आय वुड लाइक टू' असे शब्द आहेत. 'आय वॉन्ट' जरा फर्मान सोडल्यासारखं वाटतं.

बायोडेटात सगळ्यात जास्त दिसणारी चूक

'आय हॅव पास्ड एसएससी इन 2019.' हे वाक्य शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसांच्या बायोडेटातही असतं. 'मैंने पास किया है', 'मी पास झालो आहे', म्हणून 'हॅव पास्ड'. आपल्याकडे 'आहे' म्हटल्यावरही वर्ष सांगता येतं. इंग्रजीत संपलेली वेळ सांगितली की 'हॅव' चालत नाही. 2019, येस्टरडे, लास्ट मार्च, टू इयर्स अगो, यापैकी काही आलं तर साधा भूतकाळ : 'आय पास्ड एसएससी इन 2019'. वेळ सांगायची नसेल, फक्त आज हातात काय आहे ते सांगायचं असेल तर 'आय हॅव पास्ड एसएससी'.

राहिली क्रियापदांची रूपं. 'गो-वेन्ट-गॉन', 'सिंग-सँग-संग' पाठच करावी लागतात. आपल्या मुलांना हे नवीन नाही. 'किताब'चं 'कुतुब' आणि 'मस्जिद'चं 'मसाजिद' होतं, शब्दाच्या पोटातला स्वर बदलतो, ते 'फूट-फीट' आणि 'मॅन-मेन'सारखंच. मदरशातला मुलगा अरबी भूतकाळाच्या गर्दानमध्ये 14 सीगे न अडखळता म्हणतो. इंग्रजी क्रियापदाची फार तर पाच रूपं होतात : 'गो, गोज, वेन्ट, गॉन, गोइंग'. एक 'बी'च तेवढं जास्त नखरे करतं. त्याची आठ आहेत.

राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे दहावी पास होणारं प्रत्येक मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं, तरी एक अर्ज लिहिताना त्याचा हात थरथरतो. वर्गात उर्दू-मराठी बोलू नका म्हणून ओरडण्यापेक्षा शिक्षकांनी फळ्यावर तीन रकाने आखावेत : घरची भाषा, मकतबची अरबी, इंग्रजी. एकच वाक्य तिन्हींत लिहावं आणि कोणता शब्द कुठे गेला ते मुलांनाच शोधू द्यावं. खडू सोडून खर्च नाही.

त्या दिवशी आम्ही अर्ज वाचनालयाच्या टेबलावर असाच मांडला. दुरुस्त्या मी केल्या नाहीत, प्रत्येक वाक्याखाली तिचं उर्दू वाक्य तिलाच लिहायला लावलं आणि फरक तिने शोधले. पाऊण तास लागला. शेवटी झालं ते असं : 'आय बिलाँग टू अ पुअर फॅमिली. माय फादर इज अ रिक्षा ड्रायव्हर. ही ड्राइव्ह्स समवन एल्सेस रिक्षा. आय हॅव टू ब्रदर्स. आय पास्ड एसएससी लास्ट मार्च. आय वुड लाइक टू डिस्कस माय फीज. व्हेन कॅन आय मीट यू?'

'समवन एल्सेस' मी सांगितलं, बाकी सगळं तिचं. जाताना म्हणाली, "सर, 'फादर इज' अजूनही कानाला बरं नाही वाटत." मी म्हटलं, मलाही.